आधी काम, मग पाणी

माझा आणि माकडाचा संबंध पहिल्यांदा जोडला तो शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी. त्यानंतर साठेक वर्षं तो विषय कुणी काढला नव्हता. (बायकोने अधूनमधून काढला असेल, पण तो घरगुती मामला.) परवा तो पुन्हा निघाला तो परळच्या एका इस्पितळात, मी एका पांढऱ्याशुभ्र बोगद्यात उताणा पडलेलो असताना.

त्याचं असं झालं. सकाळी उठताना मला जरा गरगरायला लागलं. आमच्या गिरगावात पूर्वी गरगरलं की पित्त समजत आणि कोकमाचं सरबत देत. आता एमआरआय देतात. अंगठी, घड्याळ, चष्मा, कवळी असं माझं निम्मं व्यक्तिमत्त्व एका ट्रेमध्ये काढून ठेवून त्यांनी मला फळीवर निजवलं, डोक्याभोवती पिंजरा बसवला आणि हातात रबरी फुगा दिला. "काका, हलायचं नाही. काही वाटलंच तर हा दाबा." मला लगेचच वाटलं. आत जो खडखडाट सुरू झाला तो ऐकून मला लालबागच्या आत्याच्या यजमानांची आठवण झाली. ते गिरणीत साचेखात्यात होते आणि घरी जेवायला बसले तरी मीठ ओरडून मागत. आज त्याचं कारण समजलं. मी फुगा दाबला. पुन्हा आत घातलं, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा ती मशीनवाली मुलगी आत आली आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "काका, असं काय करता? परदेशात असल्याच मशीनमध्ये माकडं बसतात. चांगली तास-दीड तास. आणि नुसती बसत नाहीत, समोरच्या पडद्याकडे बघून कामंसुद्धा करतात!"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतरची पंचवीस मिनिटं मी श्वाससुद्धा हिशेबाने घेतला. पूर्वजांसमोर नाक कापून घ्यायचं म्हणजे काय?

मात्र आत पडल्या पडल्या एक शंका डोक्यात शिरली ती शिरलीच. (चित्रात ती दिसली असेल तर माहीत नाही.) माकड तास-दीड तास बसतं कसं? माकड मी पाहिलेलं आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात त्यांनी माझ्या हातातला शेंगांचा पुडा नेलेला आहे. दीड मिनिट एका जागी बसेल तर त्याला माकड कोण म्हणेल? मला डॉक्टरची भीती होती, पैसे आधी भरलेले होते, बाहेर बायको उभी होती. माकडाला यातलं काय असतं?

उत्तर द्यायला माणूस घरचंच होतं. दादरला माझी थोरली बहीण राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, परदेशात मेंदूवर काम करते आणि सध्या महिनाभराच्या रजेवर आली आहे. (कुठल्या देशात ते सांगत नाही, तिची नोकरी अजून कायम व्हायची आहे.) इतके दिवस 'मेंदूवर काम करते' यापलीकडे आम्ही कधी चौकशी केली नव्हती. आमच्या घराण्यात मेंदू हा विषय सहसा निघत नाही. त्या संध्याकाळी मी दादरला गेलो आणि विचारलं, "काय गं, तुमच्याकडे माकडं एमआरआयमध्ये घालतात म्हणे?"

"म्हणे काय मामा, मीच घालते."

मी ताईकडे बघितलं. ताई शांतपणे चहा गाळत होती. तिला ठाऊक असावं.

मग तिने समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं. माझं निघालं ते नुसतं छायाचित्र; त्यांचा असतो तो सिनेमा. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, आणि प्राणवायू असला की त्याची चुंबकाशी वागणूक एक, नसला की दुसरी. सेजी ओगावा या शास्त्रज्ञाने १९९० साली हे उंदरांवर दाखवलं, आणि तेव्हापासून जागा, काम करणारा मेंदू कवटी न फोडता बघता येऊ लागला. पण चित्रातला तो लाल-पिवळा ठिपका म्हणजे पेशी नेमकं काय करताहेत, हे कुणाला नीट सांगता येईना. ते बघायचं तर एकीकडे मशीन चालू ठेवून दुसरीकडे मेंदूत सुईसारखी तार घालून ऐकावं लागतं. माणसाच्या मेंदूत अशी तार कोण घालू देणार? तेव्हा जर्मनीत ट्यूबिंगनला निकोस लोगोथेटिस यांनी ते माकडांवर केलं. माकडांना भूल दिलेली होती. २००१ साली ते छापून आलं. रविवारच्या पुरवण्यांतून 'प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग पेटतो' अशी जी रंगीत चित्रं येतात, त्या चित्रांना अर्थ आहे हे आपल्याला माकडांनी सांगितलं.

"हे भूल दिलेल्यांचं झालं," मी म्हटलं. "जागी असतात ती कशी बसतात?"

"शिकवावं लागतं. कित्येक महिने. आधी खुर्चीची सवय, मग खोट्या बोगद्याची, मग त्या आवाजाची टेप लावायची. डोकं हलू नये म्हणून ऑपरेशन करून कवटीवर एक खुंटी बसवलेली असते, प्लॅस्टिकची, कारण चुंबकाजवळ धातू चालत नाही. ती खुंटी खुर्चीला अडकवायची. पडद्यावर ठिपका दिसला की त्याच्याकडे बघायचं, किंवा दोन चित्रांतलं बरोबर ते निवडायचं. बरोबर आलं की नळीतून रसाचा एक थेंब."

"एका थेंबासाठी एवढं?"

"तहान असते ना," ती म्हणाली. "बाकीचं पाणी मोजून असतं. काम केलं की पाणी. वजन रोज बघतात, जनावरांचा डॉक्टर असतो, सुट्टीच्या दिवशी पोटभर देतात. पण कामाच्या दिवशी आधी काम, मग पाणी. नाहीतर ते काम कशाला करेल, मामा?"

हे तिने ज्या सहजपणे सांगितलं, त्या सहजपणाबद्दल हा लेख आहे.

तहान या विषयावर बोलायचा अधिकार आम्हा चाळकऱ्यांना आहे. आमच्या मजल्यावर नळ एक आणि बिऱ्हाडं अकरा. पहाटे साडेचारला पाणी यायचं ते साडेपाचला एखाद्या रुसलेल्या जावयासारखं निघून जायचं. त्या तासाभरात माणसाच्या मेंदूत काय काय पेटतं ते बघायला कुठल्या मशीनची गरज नव्हती. एरवी वाटीभर साखर विचारल्याबरोबर देणाऱ्या दोन सुशील बायका एका कळशीच्या नंबरावरून एकमेकींची सात पिढ्यांची माहिती चाळीला पुरवायच्या. त्या वेळी कुणी शास्त्रज्ञ तिथे वही घेऊन उभा राहिला असता, तर मराठी स्त्रीच्या स्वभावाबद्दल त्याने काय लिहून ठेवलं असतं? आणि ते कितपत खरं असतं?

आणि याच चाळीच्या चौकात महिन्या-दोन महिन्यांनी माकडवाला येई. डमरू वाजला की गृहपाठ तिथेच टाकून आम्ही कठड्याला लोंबकळायचे. 'सासरी कशी जाशील?' म्हटलं की माकडीण काठी टेकत, कंबरेवर हात ठेवून रडतखडत जायची. 'माहेरी कशी येशील?' म्हटलं की टुणकन उडी. तीन मजल्यांवरच्या समस्त सासुरवाशिणी पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि त्यांच्या सासवा माकडवाल्याकडे डोळे वटारून बघायच्या. शेवटी तिच्या हातात एक चणा. मी एकदा आजोबांना विचारलं होतं, ही एवढं सगळं एका चण्यासाठी करते? आजोबा म्हणाले, "सकाळपासून दिलेला नसतो रे तिला."

तो माकडवाला आता येत नाही. येऊच शकत नाही. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ करायला सरकारने बंदी घातली आणि २००१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. उत्तम झालं. पण ही बंदी ज्या कायद्याखाली आली, त्या १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने न वागवण्याच्या कायद्यातच चौदावं कलम आहे. शरीराबद्दलच्या ज्ञानात भर घालण्यासाठी किंवा प्राण वाचवण्यासाठी उपयोगी पडेल म्हणून केलेले प्रयोग त्यात बेकायदा नाहीत. म्हणजे बघा, भुकेलेल्या माकडाला एका चण्यासाठी नाचवलं तर क्रूरता, आणि तहानलेल्या माकडाला एका थेंबासाठी बसवलं तर ज्ञानात भर. गरीब मदाऱ्याचं चुकलं ते एवढंच, की त्याने निष्कर्ष छापले नाहीत.

हे मी भाचीला ऐकवलं. जरा जोरातच ऐकवलं. विनोदी लेखक म्हणून नाव असलं की माणसाला घरातही टाळ्यांची सवय लागते. टाळ्या पडल्या नाहीत. ती उठली, ताईच्या हातातला कप तिने घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"मामा, बशीत सांडलाय का?"

सांडला नव्हता. आणि मग मला बोलता येईना.

चार वर्षांपूर्वी ताईला कप धरता येत नव्हता. पार्किन्सन्स. उजवा हात असा थरथरायचा की ती जेवायला स्वयंपाकघरात एकटी बसायची. मग तिच्या मेंदूत खोलवर तारा घातल्या, गळ्याखाली कातडीत बॅटरी बसवली, आणि सहा महिन्यांनी ताईने स्वतःच्या हाताने संक्रांतीचा हलवा केला. ही विद्या आली कुठून? १९८२ साली कॅलिफोर्नियात बनावट मादक द्रव्य टोचून घेतलेली काही तरुण माणसं एकाएकी पार्किन्सन्सच्या म्हाताऱ्यांसारखी ताठरली. त्या द्रव्यातला दोषी पदार्थ सापडला. तो माकडांना दिला, माकडंही तशीच ताठरली. त्यांच्या मेंदूतल्या एका दाण्याएवढ्या जागी गडबड आहे आणि ती जागा बंद केली की हातपाय सुटतात, हे अमेरिकेत डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या बेनाबिड यांनी १९९३ साली त्याच जागी माणसाच्या मेंदूत तार घातली. आमच्या ताईची तार तिथेच आहे.

"आता बोल," भाची म्हणाली.

बोलतो. कारण इथेच आपली मध्यमवर्गीय माणसं गप्प बसतात आणि विषय मिटला असं समजतात. अशा प्रत्येक वादात शेवटी कुणाची तरी ताई पुढे आणतात. ताईपुढे कोण बोलणार? पण मला सांगा, ताईच्या नावावर नेमका कितीचा चेक फाडायचा? त्या माकडांच्या बाजूने मी भांडत असतो, तरी १९९० च्या त्या प्रयोगापुढे मी मान खाली घातली असती. ताई मला हवी आहे. पण हे मेंदूचे सिनेमे काढायचं तंत्र हाती आल्यावर लोकांनी त्याचं काय केलं? २००४ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये माणसांना मशीनमध्ये घालून कोकाकोला आवडताना मेंदूत काय पेटतं आणि पेप्सी आवडताना काय, हे बघितलं. तेही तज्ज्ञांच्या मासिकात छापून आलं. तहानेच्या जोरावर जे शास्त्र पुढे गेलं, ते पुढे जाऊन कोणतं पेय गोड लागतं हे विचारायला लागलं! या प्रयोगात माकड नव्हतं हे मान्य. पण चित्रातला ठिपका खरा आहे अशी जी खात्री वापरली, ती तर माकडाचीच होती ना? प्रत्येक कुतूहलाला ताईचं कुंकू लावू नका, एवढंच माझं म्हणणं. कुतूहल असेल तर कुतूहल म्हणा, आणि मग कुतूहलासाठी किती तहान चालेल ते चारचौघांत ठरवा.

"आणि दुसरं," मी म्हटलं. एकदा सूर लागला की मी दुसरं म्हणतोच. "तहानलेल्याला काहीही विचारलं तरी तो एकच उत्तर देणार. तुम्ही बघताय ते माकडाचं मन, की माकडाची तहान?"

"असं नसतं मामा. आम्ही ते हिशेबात धरतो."

"तू कधी बसली आहेस का तशी?"

"मशीनमध्ये? कितीतरी वेळा. आम्ही सगळे आधी स्वतःच आत जातो."

"मशीनमध्ये नाही. तहानेत."

ती गप्प झाली. मी लगेच हाफकिनसाहेबांना मदतीला बोलावलं. दादर-परळच्या माणसाला हा पुरुष वश असतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस केली. जनावरांवर करून झाली. मग? मग कुणा गरिबाला पकडून आणला नाही. १० जानेवारी १८९७ या दिवशी आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. नंतर परळच्या लाटसाहेबाच्या जुन्या बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा गेली, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. "आपण त्या बंगल्यापासून किती अंतरावर बसलोय?" मी विचारलं. "एक स्टेशन!"

भाची ताईवर गेली आहे. दोघींनाही 'तुला जमणार नाही' एवढं म्हटलं की पुरतं.

दुसऱ्या दिवशी, मे महिन्यात, दादरला, सकाळी आठ वाजता प्रयोग सुरू झाला. रात्री दहापासून पाणी बंद. समोर दहा किलो तांदूळ. एक ताट निवडून झालं, ताईने तपासलं आणि खडा निघाला नाही, तर एक चमचा कोकमाचं सरबत. खडा निघाला तर काही नाही. डोक्याला खुंटी तेवढी बसवली नाही. त्याला ताईची परवानगी मिळाली नसती. मी वही घेऊन निरीक्षक म्हणून बसलो. निरीक्षकाला चहा होता.

पहिले दोन तास थट्टेत गेले. अकरानंतर तिने माझ्याशी बोलणं सोडलं. साडेबाराला ताईने एका ताटात खडा काढला, तेव्हा त्या मुलीने आईकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी आमच्या नळावर पाहिलेली आहे. दोननंतर तिचा वेग भलताच वाढला. मी वहीत नोंद केली, 'सरावाने प्रावीण्य'. ताईने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "प्रावीण्य कसलं, शहाण्या. ती तांदूळ बघतच नाहीये." चार वाजून दहा मिनिटांनी भाची उठली, माठाजवळ गेली आणि तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायली. मग जमिनीवर बसून म्हणाली, "मामा, दुपारनंतर मी तांदूळ निवडत नव्हते. चमच्याकडे बघत होते. चमचा हलला की माझं लक्ष तिकडे. तुझ्या वहीत जे काय आहे ते चमच्याबद्दल आहे."

आणि ती उठू शकली. माठ घरातलाच होता. ही गोष्ट मात्र तिने सांगितली नाही, मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचली.

आता कुणी म्हणेल, मग काय शास्त्र बंद करायचं? बंद करा म्हणणारी मंडळी मला ठाऊक आहेत आणि त्यांच्याशीही माझं भांडण आहे. बंद केल्याने माकडाचा फक्त पत्ता बदलतो. साल्कच्या पोलिओ लसीसाठी माकडांची मूत्रपिंडं लागत, म्हणून पन्नाशीच्या दशकात या देशातून वर्षाला लाखाच्या वर माकडं परदेशी गेली. १९५५ साली आपण जरा कानकोंडे झालो आणि फक्त वैद्यकीय कामासाठीच वापरा अशी अट घातली. ती माकडं अमेरिकेत अणुकिरणांच्या लष्करी प्रयोगांत वापरली जातात असं बाहेर आलं, तेव्हा १९७८ च्या एप्रिलपासून मोरारजीभाईंच्या सरकारने निर्यातच बंद केली. झकास. मग प्रयोग थांबले का? त्यांनी दुसऱ्या देशांतली दुसऱ्या जातीची माकडं घेतली. ट्यूबिंगनचंही तेच. २०१४ साली तिथल्या माकडांचं चोरून घेतलेलं चित्रीकरण जर्मन टेलिव्हिजनवर दाखवलं, गदारोळ झाला, लोगोथेटिस यांनी पुढच्या वर्षी माकडांवरचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. आणि २०२० साली बातमी आली की साहेब शांघायला निघाले, तिथे माकडांच्या मेंदूचं नवं केंद्र निघतंय. आमच्या चाळीतही एका बिऱ्हाडाचा आवाज फार होतो म्हणून तक्रार केली की ते वरच्या मजल्यावर जात असे.

आणि आपण तरी कुठे वेगळे? २०२० साली कोव्हॅक्सिनची परीक्षा घ्यायला पुण्याच्या विषाणू संस्थेला २० ऱ्हीसस माकडं हवी होती. टाळेबंदीत वनखात्याची माणसं महाराष्ट्रभर माकडं शोधत हिंडली आणि ती सापडली नागपूरकडे. त्या वेळचे वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलं म्हणून कळलं तरी. मी दोन डोस घेतले. दंड उघडा करून फोटोही काढला. रांगेत एकाच्याही तोंडी त्या विसांचा उल्लेख ऐकला नाही, माझ्याही नाही. दोन वर्षांनी, २०२२ साली, वन्यजीव संरक्षणाचा कायदा दुरुस्त झाला, आणि ज्या ऱ्हीसस माकडाने छातीवर विषाणू झेलला त्याचं नाव संरक्षित प्राण्यांच्या यादीतून गेलं. शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या देशात यावर एक साधं पत्रसुद्धा मी कुठे लिहिलं नाही. आमची भक्ती शेंदराच्या आतलीच.

म्हणून मी बंद करा म्हणत नाही. वेगळं करा म्हणतो, आणि वेगळं होतं हे दाखवणारा माणूस परदेशात नाही, बंगळूरला आहे. भाचीनेच मला ते दाखवलं, तांदळाच्या दुसऱ्या दिवशी, जरा नाराजीनेच. भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक काम छापलं. त्यांनी माकडांना खुर्चीत आणून बसवण्याऐवजी माकडांच्या खोलीतच पडदा नेऊन ठेवला. समोर हनुवटी टेकायला आधार आणि रसाची नळी. माकडाला वाटलं तर येतं, हनुवटी टेकतं, काम करतं, कंटाळा आला की जाऊन उंचावर बसतं. डोकं कशालाच अडकवलेलं नाही, तरी डोळे कुठे बघताहेत ते बरोबर टिपता येतं. मला खरी गंमत वाटली ती पुढची. एका नवशिक्या माकडाला दोन शिकलेल्या माकडांबरोबर सोडलं, तर ते त्यांचं बघून थोड्याच दिवसांत अवघड काम शिकलं. कवटीला खुंटी मारून एकट्याला बसवलं असतं, तर माकड माकडाकडून शिकतं ही गोष्ट कुठल्या मशीनने दाखवली असती? आम्ही चाळीतली पोरं सगळं असंच शिकलो, पतंगाचा मांजा धरण्यापासून ते परीक्षेत मान न वळवता शेजारच्याच्या पेपरात बघण्यापर्यंत.

"पण मामा, एमआरआयच्या बोगद्यात असं मोकळं नाही सोडता येत," भाची म्हणाली. "मशीनमध्ये डोकं एक मिलिमीटर हललं तरी चित्र फिसकटतं."

हे मला मान्य करावं लागलं. मी स्वतः तीन वेळा फिसकटवलेलं आहे.

"पण पाणी?" ताईने विचारलं. ती इतका वेळ शेंगा सोलत बसली होती. "डोकं धरायला लागतं म्हणतेस, ते समजलं. पाणी का तोडायचं? आवडीचं काही दिलं तर नाही करणार? हा लहानपणी पाढे कधी म्हणायचा नाही. आई एका बोराला एक पाढा म्हणायची. हा काही उपाशी नव्हता."

"करतात काही जण तसं," भाची म्हणाली. "पाणी भरपूर, आणि कामाला खास आवडीचा खाऊ. पण वेळ फार लागतो. माकड मनात आलं तरच करतं."

"मग मनात येऊ दे की."

भाची काही बोलली नाही. थोड्या वेळाने ताईनेच पुन्हा विचारलं, "ती माझ्यावाली माकडं, त्या ज्या जागेचं सांगितलंस, ती पुढे कुठे गेली गं?"

अशा प्रयोगांत बहुधा शेवटी मेंदू कापून बघावा लागतो, हे भाचीने मला आदल्या दिवशी हळूच सांगितलं होतं. आपल्या देशाचा नियम आता सांगतो की प्रयोग संपल्यावर जनावराला नीट सांभाळायचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरा. पण तो जी वाचतात त्यांच्यासाठी. आईला काय सांगावं ते तिला सुचेना. तिने शेंगांचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं. ताईने उत्तराची वाट पाहिली, मग गळ्याखालच्या त्या बॅटरीच्या उंचवट्यावर नुसता हात ठेवला आणि शेंगा सोलायला लागली.

भाची परवा गेली. विमानतळावरून निघताना तिचा फोन आला. साहेबांना पत्र लिहिलंय म्हणाली, पुढच्या दोन माकडांना पाणी न तोडता शिकवून बघू द्या म्हणून. (त्यांच्याकडे बहुतेक कामात माकडं दोनच असतात, आणि छापताना त्यांना नुसतं एकेक अक्षर देतात. आमच्या शाळेतही अ आणि ब अशा तुकड्या होत्या.) साहेबांचं उत्तर असं आलं की सहा महिने जास्त लागतील आणि त्या सहा महिन्यांच्या पगाराची व्यवस्था कोण करणार ते कळवावं. आता ती ते शोधते आहे.

माझा एमआरआयचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. डोक्यात काही सापडलं नाही म्हणतात.